पंखा चालतो, कळावे

मंगळवारी सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी माझ्या पोटात ती चिठ्ठी सापडली आणि सगळ्या घोटाळ्याला सुरुवात झाली. वेळ मला पक्की ठाऊक आहे. भिंतीवरचं घड्याळ माझ्या बरोबर समोर होतं, आणि ते पाच मिनिटं पुढे असतं हे धरूनच मी सांगतोय.

मी निळा क्रेट बोलतोय. नंबर चौदा. प्लॅस्टिकचा आहे. मला दोन कान आहेत. माणसं त्यांना मुठी म्हणतात, पण उचलायचं झालं की कान धरतात तसंच धरतात.

माझा जन्म गरम साच्यात झाला. एका दिवसात आम्ही वीस भावंडं जन्मलो. आईचं तोंडसुद्धा धड पाहिलं नाही. साचा उघडला, आम्ही बाहेर, साचा बंद. दुसऱ्या दिवशी पाठीवर नंबर पडले आणि कामाला लागलो. बारसं नाही, लाड नाहीत.

काम सोपं होतं. एका टोकाला काकूंचं वर्कशॉप, दुसऱ्या टोकाला टेबलफॅनचा कारखाना. मध्ये टेम्पोने चाळीस मिनिटांचा रस्ता. वर्कशॉपमध्ये रबराचे छोटे पाय तयार होतात. टेबलफॅनच्या तळाला चार कोपऱ्यांत चार काळे गोळे असतात ना, तेच. पंखा उलटा केल्याशिवाय ते कुणाला दिसत नाहीत. पण ते नसले तर पंखा थरथरतो, घसरतो, टेबलाला ओरखडे पाडतो. वर्कशॉप ते पाय बनवायचं, कारखाना ते घ्यायचा, आणि मी भरून जायचो, रिकामा यायचो.

रिकामा म्हणजे अगदीच रिकामा नाही. येताना माझ्यात चिठ्ठी असायची.

दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. सहा वर्षं एकाचे पाय दुसऱ्याच्या पंख्याला, पण ओळख फक्त फोनवरची. तीही अशी:

"काकू, तुमचे पाय निघाले का?"

"निघालेत हो, सकाळीच. माझे मात्र इथेच आहेत, दोन तास झाले उभी आहे."

कारखान्यातून फोन करायचे ते खरेदीसाहेब. माल कुठून घ्यायचा आणि कुठून बंद करायचा हे त्यांच्या हातात. चिठ्ठ्या लिहायचे ते दुसरे, तपासणीस. आलेला माल मोजून मापून बघायचा आणि शेरा लिहायचा, हे त्यांचं काम. माणूस भला, पण शब्दांच्या बाबतीत चिकट. जणू प्रत्येक शब्द घरून डब्यात घालून आणतात आणि संध्याकाळी उरले तर परत नेतात. चिठ्ठी दोन ओळींची, आणि शेवटी ठरलेलं 'कळावे'.

काकूंना वाटायचं, ते त्यांचं आडनाव आहे.

"कळावेसाहेबांची चिठ्ठी आली का गं?" असं त्या रोज विचारायच्या. मी आतल्या आत हसून हसून बेजार व्हायचो. टेम्पोवाला म्हणायचा, रस्ता खराब आहे म्हणून क्रेट खडखडतात. म्हणू दे.

आता वर्कशॉपची ओळख करून देतो. एक लांबट खोली, वर पत्रा, एका बाजूला रबर दाबायची प्रेस, दुसऱ्या बाजूला लांब टेबल. प्रेसवर दादा. तो काकूंचा भाऊ नाही आणि कुणाचाच नाही, पण सगळे दादा म्हणतात. टेबलावर चार बायका कात्र्या घेऊन पायांच्या कडेचं जास्तीचं रबर छाटतात. आणि टेबलाच्या टोकाला छोटीची आई. माल मोजून माझ्यात भरायचा, वर कागद ठेवायचा आणि चिठ्ठीला उत्तर लिहायचं, हे काम तिचं, कारण तिचं अक्षर वळणदार.

छोटी सव्वा वर्षाची. कोपऱ्यात चादरीवर असायची. आईचं निम्मं लक्ष पायांवर, दीड लक्ष छोटीवर. मुलगी झोपली की आई तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची. जागी असली की खाली रबराचा तुकडा तर पडला नाही ना ते बघायची. रडली तर काय झालं म्हणून काळजी, रडली नाही तर का रडत नाही म्हणून काळजी. रोज सकाळी ती आम्हा सगळ्या क्रेटांच्या आतून तळहात फिरवायची, कुठे टोक निघालंय का बघायला, कारण छोटीला आमच्यात बसायची भारी हौस. माझ्या एका कोपऱ्याला चीर गेली होती. तिने तिथे चिकटपट्टी लावली. मला तोवर कुणी मलमपट्टी केली नव्हती. तेव्हापासून मी तिच्या बाजूचा झालो, हे आधीच कबूल करतो.

तिला या आधी दोन ठिकाणी काम मिळत होतं. दोन्हीकडे एकच प्रश्न आला, "मुलीला कुठे ठेवणार?" काकूंनी तो प्रश्न विचारला नव्हता. चादर अंथरून दिली होती. म्हणून हे काम गेलं तर दुसरं मिळेलही, पण ती चादर मिळणार नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि म्हणून कारखान्याकडून बारीकशी तक्रार आली तरी तिची नजर आधी त्या चादरीकडे जायची.

तक्रार आली ती अशी: 'पाय चिकटतात. कळावे.'

झालं. काकूंनी वाचलं आणि म्हणाल्या, "रबर आहे, थोडं चिकटणारच." दादा म्हणाला, "माझ्याकडून सुटे निघतात. तिकडे जाऊन गळ्यात गळा घालत असतील तर मी काय करू?" चार बायका हसल्या. छोटीची आई हसली नाही. पुढचे तीन दिवस ती दोन पाय एकमेकांवर दाबून बघत राहिली. सुटायचे. पुन्हा दाबायची. पुन्हा सुटायचे. पण चिठ्ठीत लिहिलंय म्हणजे चिकटत असणारच, असं तिचं गणित.

मला खरं कारण माहीत होतं. ते मी नंतर सांगतो, कारण त्या वेळी मलाही कुणी विचारलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ती छोटीच्या मानेला पावडर लावत होती. बाळसेदार मुलगी, मानेला तीन घड्या. उकाड्याने घड्या चिकटू नयेत म्हणून पावडर. लावता लावता तिचा हात थांबला. तिने डब्याकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं. मला पुढचं सगळं दिसलं, पण क्रेटाला ओरडता येत नाही.

तिने पायांवर पावडर भुरभुरवली. मला दोन्ही कान धरून हलवलं, सगळीकडे नीट बसावी म्हणून. पाय सुटे, मऊ, गोरे. कुणाला सांगितलं नाही. एवढ्याशा गोष्टीला काय सांगायचं, असं तिला वाटलं. आणि बाळाच्या पावडरचा डबा कामावर वापरला म्हणून कुणी हसेल, असंही वाटलं.

मी आयुष्यात पहिल्यांदाच सुवासिक होऊन कारखान्यात गेलो. बाकीचे क्रेट माझ्याकडे बघायला लागले. मी पण जरा ताठच बसलो.

कारखान्यात जुळणीच्या टेबलावर एक मावशी आहेत. पंख्याच्या तळाला पाय बसवणं त्यांचं काम. त्यांनी माझ्यात हात घातला आणि खूश झाल्या. "आज कसे भराभर सुटताहेत. आणि वास तर काय, नातवाला घेतल्यासारखं वाटतंय." चार पाय, चार खटके, पंखा पुढे.

पुढे तपासणीसाहेबांचं टेबल. गुळगुळीत, पांढरं. त्यावर निळ्या खडूने चौकोन काढलेला. पंखा चौकोनात ठेवायचा, मान फिरवायचं बटण दाबायचं, सगळ्यात जोरात लावायचा आणि अर्धा तास बघायचं. पंखा चौकोनात राहिला तर पास.

पंखा दोन मिनिटं राहिला. मग त्याने मान डावीकडे नेली आणि सगळं अंग थोडं उजवीकडे सरकवलं. मान उजवीकडे, अंग डावीकडे. असं करत करत, कुणी लाजत लाजत नाचावं तसा तो चौकोनाची रेघ ओलांडून टेबलाच्या कडेकडे निघाला. साहेबांनी त्याला पकडून परत ठेवला. तो परत निघाला. तिसऱ्यांदा तर साहेब नुसते त्याच्या मागून चालत राहिले, हात पुढे करून, लहान मूल पहिली पावलं टाकतं तेव्हा चालतात तसे.

मग त्यांनी चिठ्ठी लिहिली. जपून, शब्द मोजून. आणि माझ्यात टाकली. तीच ही चिठ्ठी, मंगळवारी दहा वाजून सात मिनिटांनी छोटीच्या आईने उघडलेली:

'नवीन पायांवर पंखा चालतो. कळावे.'

तिने वाचली. पुन्हा वाचली. मग उठून काकूंकडे गेली. चालता चालता पदराने डोळे टिपले.

"काकू, पंखा चालतो म्हणतायत."

"कोण?"

"कळावेसाहेब. आपल्या नवीन पायांवर पंखा चालतो."

काकूंनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. सहा वर्षांत त्या माणसाने एक चांगला शब्द लिहिला नव्हता. "दादा, प्रेस थांबव," त्या म्हणाल्या. "चहा सांगा सगळ्यांना."

चिठ्ठी प्रेसच्या वर भिंतीला चिकटवली. दादाने छाती फुगवली. चार बायकांनी आपापल्या कात्र्यांना श्रेय दिलं. आणि छोटीच्या आईने हळूच पावडरच्या डब्याकडे पाहिलं. सांगावं की नाही? आता तर सांगायला काही हरकत नव्हती. पण मग वाटलं, सगळे एवढे खूश आहेत, आपण मध्ये आपलं कशाला. माणसांचं हे मला कळत नाही. वाईट झालं तर भीतीने सांगत नाहीत, चांगलं झालं तर संकोचाने सांगत नाहीत. मग सांगतात कधी?

काकूंनी उत्तर सांगितलं, तिने वळणदार अक्षरात लिहिलं:

'आपली चिठ्ठी वाचून समाधान वाटले. पंखा असाच चालत राहावा यासाठी आम्ही आणखी मेहनत घेऊ.'

आणि मेहनत म्हणून तिने पावडर दुप्पट टाकली.

ती चिठ्ठी तपासणीसाहेबांनी वाचली तेव्हा मी त्यांच्या पायाशी होतो. त्यांचं तोंड आधी लाल झालं, मग पांढरं. ते तडक खरेदीसाहेबांच्या खोलीत गेले. एका बगलेत मी, दुसऱ्या बगलेत पंखा.

"हे बघा. तक्रार केली, तर समाधान वाटलं म्हणतात."

"चेष्टा करतायत का आपली?" खरेदीसाहेबांनी विचारलं. "लावा पंखा."

पंखा त्यांच्या टेबलावर लावला. टेबलावर काच. पंख्याने एकदा मान फिरवली, खोलीचा अंदाज घेतला आणि सरळ साहेबांच्या दिशेने निघाला. वाटेत चहाचा कप होता. त्याने कप हळूहळू, अगदी आदबीने, टेबलाच्या कडेपर्यंत ढकलत नेला आणि साहेबांच्या मांडीवर रिता केला. मग स्वतःही मागोमाग गेला.

त्या दिवशीची चिठ्ठी खरेदीसाहेबांनी उभ्या उभ्या सांगितली, आणि तपासणीसाहेबांनी नेहमीप्रमाणे तिची काटछाट केली. साहेबांच्या सोळा वाक्यांतून उरलं ते एवढं: 'पंखा फारच चालतो. कळावे.'

काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. वर्कशॉपमध्ये वाचलं गेलं की पंखा बाजारात फारच चालतो. म्हणजे खपतो. दुकानांत टिकत नाही.

"बघ," काकू दादाला म्हणाल्या, "पाय चांगले असले की माल कुठल्या कुठे जातो."

तो खरंच कुठल्या कुठे जात होता.

दोन दिवसांनी कारखान्यात माझ्या शेजारी एक पिवळा क्रेट येऊन बसला. नवा कोरा. त्याच्यात दुसऱ्याच कुणीतरी बनवलेले पाय होते, नमुना म्हणून. पिवळा इकडे तिकडे बघत होता, घर दाखवायला आणलेल्या भाडेकरूसारखा. खरेदीसाहेब म्हणाले, "सोमवारपासून हे चालू करू." मग त्यांनी काकूंना फोन लावला. मी ऐकत होतो. त्यांचा आवाज गोड झाला होता. हा आवाज मी आधी एकदाच ऐकला होता, तारांच्या स्प्रिंगवाल्याचं काम बंद केलं त्या दिवशी.

"काकू, शनिवारी अकराला इकडे या. समोरासमोर बोलून घेऊ एकदाचं."

पलीकडून काकूंचा आवाज फोनमधून बाहेर सांडला. "येते की. सगळ्यांनाच एकदा भेटायचं होतं."

शनिवारी काकू ठेवणीतली साडी नेसून टेम्पोत बसल्या. त्यांना वाटत होतं, काम वाढवून देणार. चिठ्ठ्या लिहिणारी म्हणून छोटीच्या आईला बरोबर घेतलं. छोटीला ठेवायचं कुठे, म्हणून छोटीला घेतलं. छोटी माझ्याशिवाय टेम्पोत बसेना, म्हणून मला घेतलं. माझ्यात ताजे पाय भरलेले, त्यांच्यावर तिप्पट पावडर, आणि एका बाजूला छोटीचा एक बूट. पिशवीत पावडरचा डबा, ओलं फडकं, बाटली, दोन जादा झबली, आणि ताप मोजायची नळी, कारण सकाळी छोटीचं कपाळ कोमट लागलं होतं. काकूंनी हात लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझंच कपाळ गार पडलंय गं."

मला आधीच सगळं ठाऊक. आणि मी काय करू शकत होतो? रस्ताभर खडखडलो. टेम्पोवाला म्हणाला, "या चौदा नंबरचं काहीतरी करा, फार कुरकुरतो."

कारखान्यात तपासणीच्या खोलीत सगळे जमले. खरेदीसाहेब, तपासणीसाहेब, आणि पाय बसवणाऱ्या मावशी, कारण त्यांचंही म्हणणं लागणार होतं.

"नमस्कार कळावेसाहेब," हातातली चिठ्ठ्यांची वही बघून काकू तपासणीसाहेबांना म्हणाल्या.

तपासणीसाहेबांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"बसा," खरेदीसाहेब म्हणाले. "काकू, इतकी वर्षं चांगली गेली. पण हे आता असं चालणार नाही."

"चालतोय की, साहेब. तुम्हीच दोनदा लिहिलंत."

"तेच म्हणतोय. चालतो."

"मग?"

"मग म्हणजे? चालायला नको त्याने."

काकूंनी छोटीच्या आईकडे पाहिलं. छोटीच्या आईने छोटीकडे पाहिलं. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, पंखा विकता तुम्ही, आणि तो चालायला नको?"

"अहो, फिरायला हवा. चालायला नको. परवा चालत चालत माझ्या मांडीवर येऊन बसला."

तपासणीसाहेबांनी पंखा पांढऱ्या टेबलावर ठेवला, चौकोनात, आणि बटण दाबलं. पंखा निघाला. मान डावीकडे, अंग उजवीकडे. सगळ्यांनी बघितलं. छोटीने टाळ्या वाजवल्या, कारण तीही अशीच चालायची.

काकूंचा चेहरा उतरला. भिंतीवरची चिठ्ठी, तो चहा, ते उत्तर, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं असणार. पण त्या मोडल्या नाहीत. सावरून बसल्या.

"चिठ्ठी आम्हाला कळली नाही, ही चूक झाली. पण पाय तेच आहेत साहेब. रबर तेच, साचा तोच, दादा तोच. मी छातीवर हात ठेवून सांगते, आमच्याकडे काही म्हणजे काही बदललेलं नाही."

"काहीतरी बदललंय."

"नाही. मी खोटं बोलणारी बाई नाही."

छोटीची आई मागे उभी होती. मी तिच्या पायाशी होतो, म्हणून मला तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकू येत होता. ती पिशवीचा बंद पिळत होती. तिला आता कळलं होतं. सगळं कळलं होतं. बोलली तर काकू सगळ्यांसमोर खोट्या ठरणार, कारखान्याचा राग तिच्यावर येणार, काकूंचाही येणार, आणि कोपऱ्यातली चादर गुंडाळली जाणार. गप्प राहिली तर सोमवारी पिवळा क्रेट माझ्या जागी, आणि चादर तशीही गुंडाळली जाणार, वर चार बायका आणि दादा घरी.

मी फार हुशार नाही, पण तिचा हिशेब तिच्याआधी मला जमला. एकच चिमटा काढायचा होता. छोटी माझ्या कडेवर रेलून उभी होती. मी माझा चिकटपट्टीवाला कोपरा जरासा दबू दिला. छोटी धपकन माझ्यात बसली, पायांच्या ढिगात. एक पांढरा ढग वर आला. सुवासिक.

तपासणीसाहेब शिंकले. मग त्यांनी नाक वर करून वास घेतला.

"मी बदललं," छोटीची आई म्हणाली.

सगळे वळले.

"काकूंना माहीत नाही. त्या खरंच बोलताहेत. तुम्ही लिहिलं होतं पाय चिकटतात. म्हणून मी पावडर लावली. छोटीची. विचारलं नाही कुणाला." मग एक श्वास घेऊन, "आज जास्तच लावलीय. तुम्ही फारच चालतो म्हणालात म्हणून."

मावशींनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते.

छोटीच्या आईने पिशवीतून ओलं फडकं काढलं. कुणाची परवानगी न घेता पंखा उलटा केला, एकेक पाय पुसला, जेवणानंतर मुलीचं तोंड पुसतात तसा, कोपऱ्याकोपऱ्यातून. कोरड्या फडक्याने टिपला. पंखा चौकोनात ठेवला आणि बटण दाबून मागे सरली.

पंख्याने मान डावीकडे नेली. अंग जागेवर. मान उजवीकडे. अंग जागेवर. सगळे उभे राहून बघत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पंखा सगळ्यांना आळीपाळीने वारा घालत राहिला, जणू त्याने काही केलंच नव्हतं.

"ठीक," तपासणीसाहेब म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषण होतं.

"पण पावडर नाही लावली तर परत चिकटतील," खरेदीसाहेब म्हणाले. पिवळ्या क्रेटाकडे त्यांची नजर गेली.

"आमच्याकडे चिकटत नाहीत," छोटीची आई म्हणाली. "मी तीन दिवस दाबून पाहिलेत. एकसुद्धा नाही चिकटला."

आणि आता मी मघाशी राखून ठेवलेली गोष्ट. ती मी सांगायच्या आधी मावशींनीच सांगितली.

"चिकटणार नाहीत तर काय," त्या म्हणाल्या. "आल्यावर दोन दिवस तुम्ही क्रेट कुठे लावता? रंग वाळवायच्या भट्टीच्या भिंतीला टेकवून. माझा डबा मी तिथे ठेवते, तो गरम राहतो म्हणून."

बघा. मी किती महिने तिथे शिजत होतो. माझी चीरसुद्धा त्या भिंतीचीच देणगी. पण क्रेटाला कोण विचारतो.

"हे आधी का नाही बोललात?" खरेदीसाहेबांनी विचारलं.

"मला कुणी विचारलं? मला वाटलं, पाय असेच येतात."

खरेदीसाहेबांनी कपाळावर हात ठेवला. मग म्हणाले, "क्रेट हलवा तिथून. आजच." आणि काकूंकडे वळून, जरा खाली बघत, "सोमवारी पाय पाठवा. काळे पाठवा."

"आणि साहेब," काकू म्हणाल्या, "महिन्यातून एकदा तुमच्यापैकी कुणीतरी आमच्याकडे या. कळावेसाहेबांना पाठवा."

"कुणाला?"

"मी," तपासणीसाहेब म्हणाले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. "येईन."

परत येताना टेम्पोत काकू साडीवरची पावडर झटकत होत्या. छोटीची आई पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. छोटी माझ्यात झोपली होती, तोंडावर पावडर, हातात रबराचा एक पाय. आईने तो हळूच काढून घेतला, तोंडात जाईल म्हणून.

"पावडर कुठली वापरलीस?" काकूंनी विचारलं.

"तिचीच. डब्यावर बाळाचं चित्र आहे ती."

"हं." काकूंनी पिशवीतून डबा काढून ते चित्र पाहिलं. मग म्हणाल्या, "चला, आपल्या पायांना घामोळं तरी येणार नाही."

छोटीच्या आईला हसू आवरेना, आणि रडूही. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मला तिथे खोटं पाडलंस. बरं केलंस. पण पुढच्या वेळी आधी मला सांग, मग मी चहा सांगेन. चादर धुऊन टाक आज, फार मळलीय. सोमवारी परत अंथरायचीय."

मी तेव्हा खडखडलो नाही. टेम्पोवाला म्हणाला, "रस्ता सुधारला वाटतं."

आता माझा एक कान तुटला आहे. एका कानाचा क्रेट कारखान्याला चालत नाही. इथे 'चालत नाही' म्हणजे काय ते समजून घ्या. माझ्या जागी आता नवा निळा जातो, आणि मी वर्कशॉपच्या कोपऱ्यात, त्याच चादरीवर. छोटी माझ्यात बसून गाडी चालवते. हॉर्न ती स्वतःच वाजवते. चिकटपट्टी दोनदा बदलली. तपासणीसाहेब महिन्यातून एकदा येतात, स्टुलावर बसतात, चहा पितात आणि जाताना सात-आठ शब्द बोलून जातात. भिंतीवरची चिठ्ठी काकूंनी काढलेली नाही. नव्या बायका आल्या की त्यांना ती आधी वाचायला देतात आणि विचारतात, "सांग, याचा अर्थ काय?"

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्यासाठी दूर कुठेतरी कुणी काही बनवत असेल, किंवा तुम्ही कुणासाठी बनवत असाल, तर पंखा घसरतो तेव्हा 'घसरतो' लिहा. माल आवडला तर 'आवडला' लिहा. आणि एखादी वस्तू गोरी होऊन आली तर ती का गोरी झाली, हे विचारायला कधीतरी स्वतः जा. माझी एकोणीस भावंडं अजून त्या रस्त्यावर आहेत. तो पिवळाही कुठेतरी कामाला लागला असेल. ती भेटली तर त्यांनाही सांगा, आणि त्यांना उचलणाऱ्यांनाही.

पण तोंडी सांगा. चिठ्ठी नको.